श्रीसूक्ताचा पत्ता

श्रीसूक्त ऋग्वेदात सापडेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्याकडे दर शुक्रवारी दिवेलागणीला बायको श्रीसूक्त म्हणते. लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणते. पुस्तिका तीच, कडा खाल्लेली, पानापानावर हळदीकुंकवाची बोटं. वर ठळक अक्षरात ‘ऋग्वेदोक्त श्रीसूक्त’. मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डाकसेवेत, सॉर्टर होतो. एकतीस वर्षं पत्र हातात आलं की पत्ता वाचायचा आणि समोरच्या खान्यात टाकायचं, हाच धंदा. निवृत्त झालो तरी डोळ्यांची सवय जात नाही. त्या एका शुक्रवारी पुस्तिका सहज हातात घेतली आणि वाटलं, ‘ऋग्वेदोक्त’ हा काय पत्ता झाला? पाकिटावर नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिण्यातला प्रकार. ऋग्वेदात कुठे?

एका मित्राच्या वडिलांची ऋग्वेदाची जाडजूड संहिता त्यांच्या माळ्यावर पडून होती, ती मागून आणली. शेवटी ऋचांची वर्णानुक्रमानं सूची होती. ‘ह’ काढला. ‘हिरण्यगर्भः समवर्तताग्रे’ सापडलं, दहाव्या मंडलात, म्हणजे ऋग्वेदाच्या दहा भागांतल्या शेवटच्यात. ‘हिरण्यपाणिः सविता’ सापडलं, पहिल्यात. ‘हिरण्यवर्णां हरिणीं’ मात्र नाही. मला वाटलं माझीच नजर चुकली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाही म्हणजे नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गुरुजी राहतात. वयानं माझ्या मुलाएवढे; ते मला काका म्हणतात, मी त्यांना अहो गुरुजी म्हणतो. पाठशाळेत बारा वर्षं काढलेला माणूस. सकाळी दूध आणायला जाताना त्यांना गाठलं.

“गुरुजी, श्रीसूक्त कुठल्या मंडलात?”

“कुठल्याच नाही, काका. ते खिल आहे.”

“खिल म्हणजे?”

“आपल्या शाकल शाखेच्या संहितेच्या मोजणीत न धरलेलं, पण परंपरेनं जपलेलं. पाचव्या मंडलाच्या शेवटी जोडतात. तुमच्या पुस्तकात मागे परिशिष्टात असेल बघा.”

होतं. मागच्या बाजूला, मुख्य टपालात न मावलेल्या थैलीसारखं. तिथे पंधरा ऋचा संपल्यावर लगेच पुढचा श्लोक सांगतो: ‘सूक्तं पञ्चदशर्चं च श्रीकामः सततं जपेत्’. लक्ष्मीची इच्छा असलेल्यानं हे पंधरा ऋचांचं सूक्त नित्य जपावं. म्हणजे सूक्ताचं माप त्याच्याबरोबरच लिहून ठेवलेलं. बायकोच्या पुस्तिकेत मोजून पाहिलं तर अठ्ठावीस. छापणाऱ्यानं पंधराव्यानंतर साधी रेघही मारली नव्हती. त्यांना मी पोस्टकार्ड टाकलं, उत्तर आलं नाही. असो.

पण आता संहिता घरात आली होती आणि मला रिकामा वेळ होता.

पहिले आठ-दहा दिवस फक्त गोंधळ. प्रत्येक पानाच्या डोक्यावर दोन पत्ते. एका बाजूला मंडल आणि सूक्त, दुसऱ्या बाजूला अष्टक, अध्याय, वर्ग. दुसरं मंडल सुरू होतं ते दुसऱ्या अष्टकाच्या पाचव्या अध्यायात, तेही सतराव्या वर्गापासून. म्हणजे अष्टकाला मंडलाशी काही घेणंदेणं नाही. एका घराला दोन घरनंबर असावेत, एक नगरपालिकेचा आणि एक जुन्या गावठाणाचा, तसं. आधी मी ठरवलं की यातला एक जुना आणि रद्द झालेला असणार. गुरुजींनी ते हाणून पाडलं.

“आमच्या पाठशाळेत कुणी ‘दुसरं मंडल झालं’ असं म्हणत नाही. ‘दुसरं अष्टक झालं’ म्हणतात,” ते म्हणाले. “आठ अष्टकं, प्रत्येकात आठ अध्याय, एकूण चौसष्ट. अध्यायाचे वर्ग. वर्ग म्हणजे साधारण पाच ऋचा. मुलाला एका बैठकीत पेलेल एवढी संथा.”

हे ऐकल्यावर मला आमची थैली आठवली. आमच्याकडे टपालाच्या थैलीचं वजन ठरलेलं असे. आत कुणाची पत्रं आहेत याच्याशी त्या वजनाचा संबंध नसे. थैली उचलणाऱ्या माणसाच्या कमरेशी असे. अष्टक-अध्याय-वर्ग ही विभागणी तशीच, म्हणणाऱ्याच्या गळ्यासाठी आणि स्मरणासाठी. त्यात सूक्त मधेच तुटलं तरी चालतं. मंडलांची विभागणी मात्र पत्र पाठवणाऱ्याच्या घराण्यावरून. दुसरं मंडल गृत्समदाचं, तिसरं विश्वामित्राचं, चौथं वामदेवाचं, पाचवं अत्रीचं, सहावं भरद्वाजाचं, सातवं वसिष्ठाचं. ही सहा ‘वंशमंडलं’. आठव्यात मुख्यतः काण्व, जोडीला आंगिरस. नववं सगळं सोमाचं. पहिलं आणि दहावं मिश्र, आणि गंमत म्हणजे दोन्हीत सूक्तं नेमकी १९१.

आमचं गोत्र वसिष्ठ. मुंज झाल्यापासून संध्येत ‘शाकलशाखाध्यायी’ म्हणतोय, आश्वलायन सूत्र म्हणतोय, आणि आपल्या घराण्याचं म्हणून एक आख्खं मंडल आहे, त्यात १०४ सूक्तं आहेत, हे सहासष्टाव्या वर्षी कळलं. सातवं मंडल उघडलं तर सूक्तामागून सूक्त एकाच चरणानं संपत होतं: ‘यूयं पात स्वस्तिभिः सदा नः’. घराण्याचा शिक्काच तो. गृत्समदांचाही असा शिक्का आहे, ‘बृहद्वदेम विदथे सुवीराः’. सूक्ताचा शेवट पाहिला की पाकीट कुठल्या घरातून निघालं ते कळतं.

इथवर सगळं कुठल्याही प्रस्तावनेत वाचायला मिळेल. मला खरा नाद लागला तो यापुढे. एका घराण्याच्या आत सूक्तं कशी लावली आहेत? गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, “आहेत तशी आहेत, काका. आम्ही पाठ करतो.” सॉर्टरचं अशा उत्तरानं समाधान होत नाही. कुणीतरी हे लावलंय, म्हणजे हातात काहीतरी नियम असणार.

जुनी हिशेबाची वही काढली. दुसरं मंडल सर्वांत आटोपशीर, ४३ सूक्तं, म्हणून ते धरलं. सूक्ताचा क्रमांक, देवता, ऋचांची संख्या, छंद असे चार रकाने आखले. पहिली दहा सूक्तं अग्नीची. ऋचांचा रकाना असा उतरला: १६, १३, ११, ९, ८, ८, ६, ६, ६, ६. मी पेन्सिल खाली ठेवली. अकरावं सूक्त इंद्राचं, एकदम २१. मग १५, १३, १२, १०, पुढे नऊ-नऊची पाच, मग ६, मग ४. इंद्र संपला. तेविसावं ब्रह्मणस्पतीचं, पुन्हा उडी मारून १९. मग १६, ५, ४.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. बायको आतून म्हणाली, “झोपा आता, उद्या तो ऋग्वेद पळून नाही जाणार.” पण मला त्या वहीत आमचा सॉर्टिंगचा लाकडी केस दिसत होता. आधी देवता: अग्नी पहिला, इंद्र दुसरा, मग बाकीचे. एका देवतेच्या आत मोठं सूक्त आधी, लहान नंतर. लांबी सारखी असेल तर छंद, जास्त अक्षरांचा आधी. पाचवं आणि सहावं, दोन्ही आठ-आठ ऋचांची. पाचवं अनुष्टुभात, म्हणजे बत्तीस अक्षरं, सहावं गायत्रीत, म्हणजे चोवीस. बसलं! दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी बसून ही पाकिटं उंचीनुसार लावली होती. तेही कागद नसताना, डोक्यात.

पुढच्याच ओळींवर तो आनंद ठेचाळला. सातवं-आठवं सहा ऋचांची, गायत्रीतली. नववं-दहावंही सहाच ऋचांची, पण त्रिष्टुभातली, म्हणजे चव्वेचाळीस अक्षरांची. माझ्या नियमानं ती आधी यायला हवीत. सकाळी वही घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “नियम तुम्ही काल काढलात, काका. सूक्तं आधीची आहेत.”

नंतर वाचनात आलं की हे मोजमाप फ्रान्समध्ये बेर्गेन आणि जर्मनीत ओल्डेनबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकातच तपशिलानं केलं होतं. ओल्डेनबर्गचा या विषयावरचा ग्रंथ १८८८ चा. मी सव्वाशेहून जास्त वर्षं उशिरा पोचलो होतो. वाईट अजिबात वाटलं नाही. उलट त्यांनी यातून जी युक्ती काढली ती कळल्यावर मी हिशेबाच्या वहीची आणखी पानं आखली.

युक्ती अशी. लांबीचा उतरता क्रम जिथे मोडतो तिथे संशय घ्यायचा. उदाहरणाला आपल्या सगळ्यांच्या ओळखीची जागा घेतो. तिसऱ्या मंडलाचं शेवटचं सूक्त, बासष्टावं. त्याच्या आधीची सूक्तं नऊ, सात, सात ऋचांची आणि हे एकदम अठरा. शेपटाला एवढं मोठं पाकीट कसं? उघडून पाहिलं तर ते एक पाकीटच नव्हे. तीन-तीन ऋचांचे सहा गठ्ठे एका दोरीनं बांधलेले. पहिला इंद्र-वरुणाचा, मग बृहस्पती, पूषा, सविता, सोम, आणि शेवटी मित्र-वरुण. पहिला गठ्ठा सोडला तर बाकी सगळे गायत्री छंदात. या तीन ऋचांच्या गठ्ठ्याला ‘तृच’ म्हणतात. चौथ्या तृचातली पहिली ऋचा, म्हणजे सूक्तातली दहावी, ‘तत्सवितुर्वरेण्यं’. मुंजीत बापाच्या मांडीवर बसून, वरून उपरणं पांघरून कानात ऐकलेला मंत्र. ज्याला आपण ‘गायत्री मंत्र’ म्हणतो तो मंडलाच्या अगदी शेवटच्या मिश्र गठ्ठ्यात, मधेच कुठेतरी. मला उगीचच वाटत होतं की तो कुठेतरी दर्शनी जागी असेल.

पुरुषसूक्ताचंही तेच. दहाव्या मंडलात ८८ वं सूक्त १९ ऋचांचं, ८९ वं १८ चं, ९० वं पुरुषसूक्त १६ चं, पुढची तीन पंधरा-पंधराची. पुरुषसूक्त जिथे बसलंय तिथे ते त्याच्या लांबीमुळे बसलंय. ‘नासदासीन्नो सदासीत्’ हे नासदीय सूक्त, ज्याच्यावर जगभर लिहिलं गेलं, ते सात ऋचांच्या सूक्तांच्या रांगेत उभं आहे, १२९ व्या नंबरावर. रांगेत उभं राहताना कुणाची प्रतिष्ठा विचारलेली नाही. हे मला फार आवडलं. आमच्या खान्यातही मंत्र्याचं पत्र आणि शाळामास्तरांचं पत्र पिनकोडनंच जायचं.

नवव्या मंडलात वेगळाच प्रकार. देवता एकच, सोम पवमान, म्हणजे गाळला जाणारा सोम, त्यामुळे देवतेनुसार लावायला काही उरतच नाही. मग आधी छंद: गायत्रीतली सगळी पुढे, मग जगती, मग त्रिष्टुभ. एकशे चौदा सूक्तं, घराणीही सगळी मिसळलेली. सोमरस गाळतानाची सूक्तं घराघरांतून काढून एका खिडकीवर आणून ठेवल्यासारखी. आठव्या मंडलात मात्र माझं डोकं चाललं नाही. अग्नी पुढे नाही, लांबीचा उतार नाही, छंद जोडीजोडीनं येतात. शिवाय त्यात एक फसवी जागा आहे. ४९ ते ५९ ही अकरा सूक्तं ‘वालखिल्य’. कुणी मोजतात, कुणी नाही. मोजली तर ऋग्वेदाची सूक्तं १०२८, नाही तर १०१७. मी अपाला या ऋषिकेचं सूक्त शोधत होतो. एका जुन्या पुस्तकात पत्ता आठव्या मंडलाचं ८०, माझ्या संहितेत ते ९१. दोन दिवस मी दोन वेगळी सूक्तं समजत होतो. अकरांचा फरक लक्षात आल्यावर कपाळावर हात मारला. तेव्हापासून आठव्या मंडलाचा कुठलाही आकडा आला की मी आधी विचारतो, वालखिल्य धरून की सोडून?

एवढ्यावर माझी लावालावी झाली, आतलं पत्र मी अजून वाचलंच नव्हतं. गुरुजींनी मला तिकडे वळवलं. ते म्हणाले, “पत्त्यावर तीन गोष्टी असल्याशिवाय आम्ही मंत्र उचलत नाही. ऋषी, देवता, छंद. आणि चौथा विनियोग.”

पूजेत पळीभर पाणी सोडताना गुरुजी जे भरभर म्हणतात ते हेच. मी ते आजवर नुसतं प्रस्तावनेसारखं ऐकत आलो. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत, म्हणजे ऋग्वेदाच्या जुन्या सूचीत, प्रत्येक सूक्ताच्या या तीन नोंदी आहेत आणि व्याख्याही किती कोरड्या, किती नेमक्या! ‘यस्य वाक्यं स ऋषिः, या तेनोच्यते सा देवता, यदक्षरपरिमाणं तच्छन्दः’. ज्याचं वाक्य तो ऋषी, त्यानं जिच्याविषयी म्हटलंय ती देवता, अक्षरांचं माप तो छंद. पाठवणारा, विषय आणि पाकिटाची साइज.

यातली मधली व्याख्या नीट वाचली आणि माझा एक जुना गैरसमज गळून पडला. मी समजत होतो की देवता म्हणजे देवच. पण ज्याच्याविषयी बोललं ती देवता, असं म्हटलं की सातव्या मंडलाच्या १०३ व्या सूक्ताची देवता बेडूक ठरते. जुगाऱ्याच्या सूक्तात फासे. पहिल्या मंडलाच्या २८ व्या सूक्तात काही ऋचांची देवता उखळ आणि काहींची उखळ-मुसळ. मग सूक्तांचे प्रकारही आपोआप वेगळे दिसायला लागतात. स्तुतीची तर बहुसंख्य आहेतच. पण काही निव्वळ संवाद: यम आणि यमी, पुरूरवा आणि उर्वशी, सरमा नावाची कुत्री आणि गायी लपवणारे पणी, विश्वामित्र आणि दोन नद्या. कुठे लग्न: दहाव्यातलं ८५ वं, ४७ ऋचांचं, त्यातली ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’ आजही पाणिग्रहणाला म्हणतात. कुठे अंत्यविधी. आणि कुठे राजानं किती गायी, किती घोडे दिले याची पावती, जिला ‘दानस्तुती’ म्हणतात.

आप्री सूक्तं हा प्रकार मला सॉर्टर म्हणून सर्वांत जवळचा वाटला. ऋग्वेदात अशी दहा आहेत, वेगवेगळ्या मंडलांत विखुरलेली. सगळ्यांचा सांगाडा एकच: पेटवलेला अग्नी, मग कुश, यज्ञशाळेची दारं, रात्र आणि उषा, इळा-सरस्वती-भारती या तीन देवी, त्वष्टा, वनस्पती म्हणजे यज्ञातला खांब, यूप, शेवटी स्वाहा. छापील फॉर्म जणू, आणि प्रत्येक घराण्यानं तो आपापल्या शब्दांत भरलेला. पशुयागात यजमानाचं गोत्र पाहून कुठलं आप्री म्हणायचं ते ठरायचं. वसिष्ठांचं सातव्या मंडलाचं दुसरं. मी ते वाचलं. अर्थ निम्मा कळला नाही, पण आपल्या नावानं आलेलं टपाल उघडताना जे वाटतं ते वाटलं.

यास्कानं निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या ग्रंथात, ऋचांचे तीन प्रकार केलेत, ते तर व्याकरणाच्या सर्वनामांवर. ‘तो’ म्हणून बोलतात त्या परोक्षकृत. ‘तू’ म्हणून हाक मारतात त्या प्रत्यक्षकृत. आणि ‘मी’ म्हणून देवताच बोलते त्या आध्यात्मिक. तिसऱ्या प्रकारच्या फार थोड्या. वागाम्भृणी या ऋषिकेचं ‘अहं रुद्रेभिर्वसुभिश्चरामि’ त्यातलं, तिथे वाणीच ‘मी’ म्हणून बोलते. याच जातीचं दुसरं उदाहरण म्हणून यास्क लवसूक्त देतो, दहाव्यातलं ११९ वं. सोम प्यायलेला बोलणारा स्वतःच्या मोठेपणाच्या गप्पा मारतो आणि प्रत्येक ऋचेच्या शेवटी म्हणतो, ‘कुवित्सोमस्यापामिति’. काय, सोम प्यायलो की काय मी! वागाम्भृणी आणि हा झिंगलेला, दोघं एका खान्यात. यास्काच्या वर्गवारीला भीड नाही. पुढे तो असंही सांगतो की नुसती स्तुती असते, नुसतं मागणं असतं, शपथ असते, शाप असतो, विलाप असतो. शपथेचं उदाहरण वसिष्ठाचं: ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’, मी जर राक्षसी जादूगार असेन तर आज मरून जाईन. आमचा मूळपुरुष कुणाच्या तरी आरोपानं एवढा चिडलेला पाहून बरं वाटलं.

चौथा तो विनियोग. कुठला मंत्र कुठल्या कर्माला. इथे मला पहिल्यांदा खटकलं. गणेशोत्सवात आपण ‘गणानां त्वा गणपतिं हवामहे’ म्हणतो. दुसऱ्या मंडलातली तेविसाव्या सूक्ताची पहिली ऋचा, माझ्या वहीत १९ चा आकडा होता तीच. देवता ब्रह्मणस्पती. गुरुजींना मी जरा खवचटपणेच विचारलं, “मग हे पत्र चुकीच्या घरी टाकतो का आपण?”

त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी मला षोडशोपचार पूजेला बसवलं. “सोळा उपचार, पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा. एकेक उपचाराला एकेक. अर्थ जुळतो का ते तुम्ही बघा.” आवाहनाला ‘सहस्रशीर्षा’. ठीक. फुलं वाहताना दहावी, ‘तस्मादश्वा अजायन्त’: त्यातून घोडे जन्मले. फुलाचा आणि घोड्याचा काय संबंध? नैवेद्याला ‘चन्द्रमा मनसो जातः’. त्यातही मोदक कुठे नाही. म्हणजे विनियोग हा क्रमानं चालला आहे, अर्थानं नव्हे. पत्र लिहिणाऱ्यानं कशासाठी लिहिलं हा एक प्रश्न आणि ते पुढे कुणी कशासाठी जपून ठेवलं हा दुसरा. आईचं साधं खुशालीचं पत्र पुढे घराच्या खटल्यात पुरावा म्हणून लागतं, तसं होतंच की.

आणि गंध लावताना नववी ऋचा आली. ‘तस्माद्यज्ञात्सर्वहुत ऋचः सामानि जज्ञिरे, छन्दांसि जज्ञिरे तस्माद्यजुस्तस्मादजायत’. ऋचा, सामं, छंद, यजू. आठ महिने मी ज्याच्या मागे लागलो होतो त्या प्रकारांची यादी प्रत्येक सत्यनारायणाला माझ्या समोर म्हटली जात होती आणि मी तेव्हा चंदन उगाळलेलं सहाणीवरून सांडत नाही ना ते बघत असे.

यातल्या ऋचा, साम आणि यजु या तिघांची वाटणी जैमिनीनं मीमांसासूत्रांत तीन ओळींत केली आहे. अर्थानुसार चरण पाडलेले असतील ती ऋचा. गायली तर तिलाच साम म्हणायचं. बाकी उरलं ते यजु. म्हणजे साम हे वेगळं पत्र नाही, तेच पत्र गाऊन दाखवलेलं. सामवेदाच्या कौथुम शाखेतल्या १८७५ मंत्रांपैकी जेमतेम पंचाहत्तर सोडले तर सगळे ऋग्वेदातलेच. गुरुजींच्या ओळखीच्या एका सामवेद्यानं पहिलाच मंत्र म्हणून दाखवला. ऋग्वेदात तो सहाव्या मंडलात साधा ‘अग्न आ याहि वीतये’. त्यांच्या तोंडी ‘ओग्नाइ’ असं सुरू झालं आणि पुढे मला एकही शब्द ओळखू येईना. अथर्ववेदाची तर सॉर्टिंगची रीतच उलटी: पहिल्या कांडात बहुतेक चार ऋचांची सूक्तं, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सहा, चौथ्यात सात. तिथे लहान पाकीट आधी. त्यात मी अजून शिरलेलो नाही.

जूनमध्ये गुरुजींनी मला विचारलं, “एवढं मोजलंत, आता एखादं सूक्त म्हणायला शिकणार का?” वसिष्ठाचंच पाहिजे म्हणून मी बेडकांचं मागितलं. दहाच ऋचा. त्यांच्या ओसरीत बसतो. गुरुजी चरण एकदा म्हणतात, मी दोनदा. अक्षराखाली आडवी रेघ ती अनुदात्ताची, डोक्यावर उभी रेघ ती स्वरिताची, हे मला वाचून पाठ होतं. घशातून ते काढणं निराळं. पाचव्या ऋचेशी अडकलो. ‘यदेषामन्यो अन्यस्य वाचं शाक्तस्येव वदति शिक्षमाणः’. शिकणारा जसा शिकवणाऱ्याचं बोलणं पुन्हा म्हणतो तसा एक बेडूक दुसऱ्याचं म्हणतो. ‘शिक्षमाणः’वर माझा आवाज दर वेळी वर जायचा तिथे खाली यायचा. गुरुजींनी सात वेळा म्हणून घेतलं. बाहेर पाऊस लागला होता आणि ओसरीच्या मागच्या खड्ड्यात बेडकांची संथा जोरात चालू होती. गुरुजी एकदम हसायला लागले. म्हणाले, “तिकडचे तुमच्यापेक्षा पुढे गेले, काका.”

श्रीसूक्ताच्या पुस्तिकेवर मी पहिल्याच पानावर पेन्सिलीनं पत्ता पुरा केला आहे: ‘खिल, पाचव्या मंडलानंतर, ऋचा १५’. पंधराव्या ऋचेखाली एक रेघही मारली. पुढच्या शुक्रवारी बायको त्या रेघेपाशी थांबली. माझ्याकडे पाहिलं.

“इथे संपतं होय?”

“मूळ इथे संपतं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढच्या तेराही म्हणून टाकल्या.